जावास्क्रिप्टमधील ब्लॉकचेन-चाचणीची साधने : कल्याण-डोंबिवलीतील परवानगीपत्रांच्या आधारे एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीतील ६५ इमारतींचे प्रकरण ठाणे जिल्ह्यात सर्वपरिचित आहे. महानगरपालिकेच्या नावाने तयार केलेली बनावट बांधकाम परवानगीपत्रे पुढे करून या इमारतींची नोंदणी महारेरा या नियामक प्राधिकरणाकडे करण्यात आली. त्या नोंदणीवर विसंबून लोकांनी घरे विकत घेतली व त्यांपैकी अनेकांनी त्यासाठी कर्जे काढली. २०२२ मध्ये गुन्हे नोंदले गेले, ठाणे पोलिसांच्या विशेष पथकाकडे तपास आला, आणि डोंबिवलीतील एका वास्तुविशारदाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ही बांधकामे पाडण्याचा आदेश दिला. ज्या रहिवाशांनी कागद खरा मानून व्यवहार केला, त्यांच्यावरच बेघर होण्याची पाळी आली.

अशा प्रकरणानंतर ‘परवानग्यांची नोंद ब्लॉकचेनवर ठेवावी’ ही सूचना स्वाभाविकपणे पुढे येते. महाराष्ट्रात तसे प्रयोग झालेलेही आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५ हजार जात-प्रमाणपत्रे पॉलिगॉन या साखळीच्या आधारे पडताळता यावीत, असा उपक्रम २०२२ मध्ये जाहीर झाला. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेला तर संगणकीकरणाची जुनी परंपरा आहे; नागरी सेवांसाठी संगणक-प्रणाली प्रथम स्वीकारणाऱ्या महानगरपालिकांत तिची गणना होते. सूचना चांगली असली तरी तिच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे. जी नोंद पुसता येत नाही, ती ठेवणारी आज्ञावलीच सदोष निघाली तर काय करावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर आज्ञावलीच्या पूर्वपरीक्षेत शोधावे लागते. प्रस्तुत विवेचनात अभ्यासासाठी एक काल्पनिक नोंदवही गृहीत धरली आहे. तीत जिल्ह्यातील नियोजन प्राधिकरणे आपापली बांधकाम परवानगीपत्रे नोंदवितात, आणि कोणाही नागरिकाला आपल्या हातातील परवानगीपत्र त्या नोंदीशी ताडून पाहता येते. अशा नोंदवहीची चाचणी जावास्क्रिप्ट भाषेतील साधनांनी कशी केली जाते, ती साधने नेमके काय सिद्ध करतात आणि काय सिद्ध करू शकत नाहीत, याचा विचार येथे केला आहे.

२. चाचणीला येथे अधिक महत्त्व का?

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेली, पानामागून पान जोडत जाणारी वही होय. प्रत्येक पानावर मागील पानाचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, असतो. म्हणून मागील एखादे अक्षर बदलले तरी पुढील सर्व खुणा विसंगत ठरतात. इथेरियम व तत्सम साखळ्यांवर केवळ नोंदीच नव्हे, तर नोंदी कोणत्या अटींवर व्हाव्यात हे ठरविणाऱ्या लहान आज्ञावल्याही ठेवता येतात. त्यांना स्मार्ट करार म्हणतात. त्या बहुधा सॉलिडिटी या भाषेत लिहिलेल्या असतात. एकदा साखळीवर चढविलेला करार सामान्य आज्ञावलीप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येत नाही. बदलास वाव ठेवणाऱ्या रचना आहेत खऱ्या, परंतु तो बदल कोणी करावयाचा हा नवा प्रश्न त्यांतून निर्माण होतो, आणि त्याचीही चाचणी करावी लागते.

याची किंमत इतिहासाने दाखवून दिली आहे. जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ या इथेरियमवरील सामाईक निधीतून सुमारे ३६ लाख ईथर बाहेर काढले गेले. पैसे देऊन मग शिल्लक कमी करण्याचा जो क्रम करारात होता, त्याचा फायदा घेऊन तीच रक्कम पुन्हा पुन्हा मागितली गेली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी या अनेक-स्वाक्षरी तिजोरीच्या बाबतीत वेगळाच प्रकार घडला. अनेक तिजोऱ्या ज्या सामाईक करारावर अवलंबून होत्या, त्याचे मालकपद कोणी घेतलेलेच नव्हते. एका त्रयस्थाने ते घेतले व करार नष्ट करण्याची आज्ञा दिली. त्यामुळे पाच लाखांहून अधिक ईथर कायमचे अडकून पडले.

या दोन्ही घटनांत संकेत-लेखन फुटले नव्हते. साखळीने तिला सांगितले ते बिनचूक केले. पॅरिटीच्या बाबतीत उणीव एका साध्या प्रश्नाची होती : ‘ज्याला हा अधिकार नाही त्याने ही आज्ञा दिली तर काय होईल?’ हा प्रश्न आधी विचारणे, आणि तो यंत्राकडून प्रत्येक वेळी विचारून घेणे, हेच चाचणी-साधनांचे मुख्य कार्य होय.

३. जावास्क्रिप्ट आणि साधनांचा विकास

करार सॉलिडिटीत आणि चाचणी जावास्क्रिप्टमध्ये, ही जोडी प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. तिचे कारण असे की नागरिक कराराशी जे बोलतो ते बहुधा ब्राउझरमधून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या द्वारे बोलतो. वेबथ्री आणि पुढे ईथर्स या लायब्ऱ्यांनी जावास्क्रिप्टमधून साखळीशी संभाषण करण्याची सोय केली. त्यामुळे ज्या वाटेने खरा वापर होणार त्याच वाटेने चाचणी घेणे सयुक्तिक ठरले.

चाचणीची सामान्य चौकट जावास्क्रिप्टमध्ये आधीपासूनच होती. मोका हे साधन चाचण्यांची मांडणी करते व त्या क्रमाने चालविते. चाय हे साधन अपेक्षा वाचनीय वाक्यात मांडू देते. २०१५ पासून प्रचारात आलेल्या ट्रफल या संचाने ही चौकट इथेरियमला जोडली, आणि त्याच्या सोबतीच्या गनाश या साधनाने विकसकाच्या स्वतःच्या संगणकावर चालणारी लहानशी साखळी पुरविली. पुढे हार्डहॅट या संचाने त्यांची जागा बऱ्याच अंशी घेतली. करारातील चूक सॉलिडिटीच्या नेमक्या कोणत्या ओळीवर घडली हे हार्डहॅटची अंतर्गत साखळी दाखविते, हा त्याचा विशेष गुण होय. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रफल व गनाश यांचा विकास थांबविण्याची घोषणा झाली. म्हणून जुन्या पाठ्यसाहित्यातील उदाहरणे वाचताना विद्यार्थ्यांनी साधनाचे नाव आणि चाचणीचे तत्त्व यांत भेद करावा. नावे बदलतात, अधिकार, काळ, घटना व नकार यांची परीक्षा मात्र तीच राहते.

रस्ट भाषेत लिहिलेल्या फाउंड्री या संचात चाचण्याही सॉलिडिटीतच लिहिल्या जातात आणि त्या वेगाने चालतात. त्याच्या प्रभावाने हार्डहॅटच्या तिसऱ्या आवृत्तीतही सॉलिडिटीतील चाचण्यांना स्थान मिळाले. तरीही नागरिकाच्या पडद्यापासून साखळीपर्यंतची पूर्ण वाट तपासावयाची असेल, तेव्हा जावास्क्रिप्टचे महत्त्व कायम राहते.

४. साधनांचे कार्य : नोंदवहीच्या आधारे

आता काल्पनिक नोंदवहीकडे वळावे. तिच्या चाचणीत पुढील पाच सोयींचा उपयोग होतो.

पहिली सोय स्थानिक साखळीची. हार्डहॅट सुरू होताच संगणकाच्या स्मृतीत एक साखळी उभी राहते आणि तीत प्रत्येकी दहा हजार खोटे ईथर असलेली २० खाती तयार असतात. यांपैकी एकाला महानगरपालिकेचा नगररचना अधिकारी, दुसऱ्याला ठाणे महानगरपालिकेचा अधिकारी, तिसऱ्याला विकासक आणि चौथ्याला सामान्य नागरिक मानता येते. एका आज्ञेत एकाच्या नावाने, तर पुढच्या आज्ञेत दुसऱ्याच्या नावाने बोलता येते. चाचणीचे नाट्य या पात्रांवर उभे असते.

ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मिरा-भाईंदर, भिवंडी-निजामपूर आणि उल्हासनगर अशा सहा महानगरपालिका आहेत. म्हणून ‘अधिकाऱ्यालाच नोंद करता यावी’ ही अट अपुरी आहे. ठाण्याच्या अधिकाऱ्याने डोंबिवलीच्या भूखंडाची नोंद करू पाहिली, तर ती नाकारली गेली पाहिजे. ही अट लिहिणाऱ्याच्या मनात असते, पण करारात उतरतेच असे नाही. दोन अधिकारी आणि एक भूखंड एवढ्या सामग्रीने ती चाचणीत पकडता येते.

दुसरी सोय पूर्वस्थितीची. प्रत्येक चाचणी कोऱ्या पाटीवर सुरू व्हावी लागते. नाही तर पहिल्या चाचणीने केलेली नोंद दुसरीच्या निकालात मिसळते. करार चढविणे व अधिकारी नेमणे हे काम एकदा करून त्या क्षणीची साखळी जतन करावयाची, आणि प्रत्येक चाचणीपूर्वी तिला त्याच क्षणी परत आणावयाचे, अशी योजना हार्डहॅटच्या ‘लोडफिक्श्चर’ या साहाय्यकात आहे. त्यामुळे वेळ वाचतो आणि चाचण्यांचा क्रम बदलला तरी निकाल बदलत नाही.

तिसरी सोय काळाची. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष अंमलात असते व नंतर त्याचे नूतनीकरण करावे लागते. एक वर्ष थांबून चाचणी घेणे अशक्य आहे. म्हणून साधन साखळीचे घड्याळच पुढे सरकविते. मुदत संपण्याच्या आदल्या सेकंदाला प्रमाणपत्र वैध दिसावे आणि मुदत संपताच अवैध दिसावे, हे एका क्षणात पडताळता येते. येथे सीमारेषेवरील चाचणी महत्त्वाची असते. ‘मुदतीपर्यंत’ आणि ‘मुदतीपूर्वी’ यांतील फरक भाषेत लहान दिसतो, परंतु आज्ञावलीत एका चिन्हाने निकाल उलटतो.

काळाचा दुसरा, अधिक सूक्ष्म पैलूही याच परिसरात सापडतो. कल्याणलगतची २७ गावे २००२ मध्ये महानगरपालिकेतून वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली; मधल्या काळात काही वर्षे तेथील नियोजनाचा अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे होता. तेव्हा ‘या भूखंडाला परवानगी देण्याचा अधिकार कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर तारखेवाचून देता येत नाही. हद्द बदलल्यावर जुन्या प्राधिकरणाची नवी नोंद नाकारली जावी, परंतु त्याने पूर्वी दिलेली परवानगी मात्र खरी राहावी, अशी दुहेरी अपेक्षा चाचणीत लिहावी लागते. केवळ ‘आजचा अधिकारी कोण’ एवढेच लक्षात ठेवणारा करार या चाचणीत नापास होईल, आणि ते इष्टच होय.

चौथी सोय घटनांची. करार प्रत्येक महत्त्वाच्या कृतीच्या वेळी एक घटना प्रसिद्ध करतो व बाहेरच्या प्रणाली ती ऐकून आपली नोंद अद्ययावत करतात. परवानगी रद्द झाली आणि घटना प्रसिद्ध झाली नाही, तर करारात सत्य आणि नागरिकाच्या पडद्यावर असत्य, अशी स्थिती निर्माण होते. म्हणून घटना घडली की नाही एवढेच पाहून न थांबता, तीत भूखंड, प्राधिकरण व तारीख यथायोग्य आली की नाही, हेही चायच्या जोडसाधनांनी तपासले जाते.

पाचवी सोय नकाराची. अटी पूर्ण न झाल्यास करार व्यवहार उलटवितो आणि काहीच घडले नाही अशी स्थिती करतो. चाचणी-साधने ‘हा व्यवहार अमुक कारणाने नाकारला जावा’ अशी अपेक्षा मांडू देतात. नोंदवहीच्या चाचण्यांत स्वीकाराच्या चाचण्यांपेक्षा नकाराच्या चाचण्या अधिक असाव्यात, असे म्हणावयास हरकत नाही. बदली झालेल्या अधिकाऱ्याने दिलेली आज्ञा, एकाच क्रमांकाची दोनदा केलेली नोंद, रद्द परवानगीचे नूतनीकरण, कोणीही न नेमलेल्या मालकाच्या जागी त्रयस्थाने केलेला दावा, या सर्वांना ‘नाही’ असे उत्तर मिळाले पाहिजे. पॅरिटीच्या प्रकरणात शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर मिळाले नव्हते.

५. जावास्क्रिप्टचे खास धोके

चाचणी हीदेखील आज्ञावलीच असते. तिच्यातही दोष असू शकतात. जावास्क्रिप्टच्या स्वभावामुळे उद्भवणारे काही दोष असे आहेत की त्यांमुळे चाचणी नापास होण्याऐवजी खोटेपणाने उत्तीर्ण होते. हा प्रकार चाचणी नसण्यापेक्षाही घातक होय, कारण तो समाधान देतो.

पहिला दोष प्रतीक्षेचा. साखळीचे उत्तर तत्काळ येत नाही. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी ‘अवेट’ हा शब्द लिहून थांबावे लागते. तो लिहावयाचा राहिला, तर अपेक्षा तपासली जाण्यापूर्वीच चाचणी संपते आणि हिरवी खूण मिळते. अनधिकृत माणसाची नोंद कराराने स्वीकारली असली तरी अहवालात सर्व काही ठीक दिसते. यावर उपाय म्हणून, राहिलेली प्रतीक्षा दाखवून देणारे नियम लेखन-तपासणीच्या साधनांत चालू ठेवावेत.

दुसरा दोष चुकीच्या कारणाच्या नकाराचा. ‘व्यवहार नाकारला जावा’ एवढीच अपेक्षा असेल, तर भूखंडाचा क्रमांक चुकला म्हणून झालेला नकारही उत्तीर्ण ठरतो. अधिकाराची अट तपासलीच जात नाही. म्हणून नकाराचे नेमके कारण, म्हणजे कराराने जाहीर केलेली विशिष्ट त्रुटी, अपेक्षेत लिहिली पाहिजे.

तिसरा दोष संख्यांचा. जावास्क्रिप्टची सामान्य संख्या ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच्या पूर्णांकांतच खात्रीने अचूक असते. साखळीवरील पूर्णांक मात्र २५६ द्विमान अंकांचे असू शकतात. एक ईथर म्हणजे १० चा १८ वा घात एवढे वेई असल्यामुळे साधी रक्कमही ही मर्यादा ओलांडते. परवानगीपत्राचा हॅश जर कोणी संख्या म्हणून हाताळला व सामान्य संख्येत रूपांतरित केला, तर दोन वेगवेगळे हॅश, ज्यांचे फक्त शेवटचे अंक भिन्न आहेत, समान भासतील. २०२० च्या भाषा-मानकात आलेला बिगइंट हा प्रकार यासाठीच वापरला जातो.

चौथा दोष वेळेच्या एककाचा. जावास्क्रिप्टचे घड्याळ मिलिसेकंद मोजते, तर साखळीचे घड्याळ सेकंद मोजते. रूपांतर राहिले, तर एक वर्षाची मुदत हजार पटींनी लांब ठरते व कोणतेच प्रमाणपत्र कधी कालबाह्य होत नाही. त्यातच साखळीची वेळ जागतिक प्रमाणवेळेने चालते आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. ‘अमुक तारखेपर्यंत वैध’ याचा अर्थ डोंबिवलीतील मध्यरात्र की ग्रीनिचमधील, हे चाचणीत स्पष्ट लिहिले नाही, तर पहाटेच्या साडेपाच तासांतील नोंदींना एका दिवसाचा फरक पडतो.

पाचवा दोष मराठी मजकुराशी निगडित असून परकीय पाठ्यपुस्तकांत तो सहसा आढळत नाही. हॅश अक्षरांच्या रूपावरून काढला जात नाही; अक्षरांच्या संगणकीय संकेतांवरून काढला जातो. ‘पायऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ हे एका संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच. जावास्क्रिप्टमधील ‘नॉर्मलाइझ’ ही सोय या दोहोंना एकरूप करते. परंतु ‘कॉर्पोरेशन’मधील ‘कॉ’ कोणी काना व अर्धचंद्र अशा दोन स्वतंत्र खुणांनी टंकलिखित केला, तर त्या सोयीनेही तो एका खुणेच्या ‘कॉ’शी जुळत नाही. देवनागरी ‘१२’ व रोमन आकड्यांतील बारा हेही संगणकाला भिन्न असतात, आणि देवनागरी आकड्यांचे थेट संख्येत रूपांतर करू गेल्यास जावास्क्रिप्ट ती संख्याच नव्हे असे उत्तर देते. तेव्हा खरे परवानगीपत्र केवळ टंकलेखनाच्या भेदामुळे खोटे ठरू नये, यासाठी मजकुराचे प्रमाणरूप आधी ठरवावे आणि एकाच नावाची निरनिराळी टंकने चाचणीत मुद्दाम घालावीत. निरपराध अर्जदाराला खोटे ठरविणारी नोंदवही ही बनावट कागद स्वीकारणाऱ्या नोंदवहीइतकीच सदोष होय.

६. चाचण्यांची परीक्षा

चाचण्या पुरेशा आहेत हे कशावरून ओळखावे? सॉलिडिटी-कव्हरेज यांसारखी साधने कराराच्या किती ओळी व किती फाटे चाचणीत प्रत्यक्ष चालले याची टक्केवारी देतात. ही टक्केवारी उपयुक्त असली तरी तिचा अर्थ मर्यादित आहे. चाललेली ओळ तपासली गेलीच असे होत नाही. शिवाय जी अट लिहावयाचीच राहिली आहे, तिची ओळ करारात नसते. म्हणून तिच्या अभावाने टक्केवारी कमी होत नाही. २७ गावांच्या हद्दीचा विचार न केलेल्या करारालाही शंभर टक्के मिळू शकतात.

याहून अधिक बोलकी पद्धत म्हणजे करारात जाणीवपूर्वक बिघाड करून पाहणे. अधिकाराची तपासणी करणारी एक ओळ काढून टाकावी, अथवा ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘पेक्षा कमी किंवा समान’ लिहावे, आणि सर्व चाचण्या पुन्हा चालवाव्यात. एकही चाचणी नापास झाली नाही, तर त्या ओळीवर कोणाचाच पहारा नव्हता असे सिद्ध होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एखाद्या लहान कराराच्या दहा-पंधरा ओळींवर हाताने हा प्रयोग करता येईल.

दुसरी पद्धत गुणधर्माधारित चाचणीची. येथे ठराविक उदाहरण न देता सर्वकाळ खरे राहावे असे विधान दिले जाते, आणि जावास्क्रिप्टमधील फास्ट-चेक यांसारखे साधन यादृच्छिक आज्ञांच्या मालिका निर्माण करून ते विधान मोडू पाहते. नोंदवहीसाठी असे विधान पुढीलप्रमाणे असेल : ‘नोंदी, नूतनीकरणे, बदल्या व रद्दीकरणे कोणत्याही क्रमाने घडली, तरी ज्या दिवशी प्राधिकरणाला त्या भूखंडावर अधिकार नव्हता त्या दिवशी दिलेली कोणतीही परवानगी वैध दिसणार नाही.’ विधान मोडल्यास साधन ती मालिका लहान करीत जाऊन दोष दाखविणारा सर्वांत छोटा क्रम पुढे ठेवते. मानवी मनाला न सुचणारे क्रम येथे उघड होतात. ‘द डाओ’तील दोष अशाच अनपेक्षित क्रमाचा होता.

स्थानिक चाचण्यांनंतर करार सेपोलियासारख्या सार्वजनिक चाचणी-साखळीवर चढवून पाहिला जातो. तेथे विलंब, शुल्क आणि अनोळखी माणसांचे व्यवहार यांचा खरा अनुभव येतो. ज्या प्रणालीत चालू साखळीवरील इतर करारांशी संबंध येतो, तिच्यासाठी खऱ्या साखळीची तात्पुरती प्रत घेऊन तीवर प्रयोग करण्याची सोयही हार्डहॅटमध्ये आहे.

७. चाचणीच्या पलीकडे

इतके सारे केल्यानंतरही एक मर्यादा उरते. चाचणी एवढेच सांगू शकते की करार आपल्या अटींशी प्रामाणिक आहे. नोंद करणारा अधिकारी सत्याशी प्रामाणिक आहे की नाही, त्याची गुप्त किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली आहे काय, नकाशावरील सात मजले जागेवर नऊ झाले आहेत काय, हे तिच्या कक्षेबाहेरचे आहे. साखळी असत्यालाही तितक्याच निष्ठेने जपते.

६५ इमारतींच्या प्रकरणाचे परीक्षण केल्यास मूळ दोष कोठे होता हे दिसून येते. परवानगीपत्र ज्याच्या नावाने निघाले, त्या महानगरपालिकेला ते खरे आहे काय असे विचारले न जाता विकासकाने दिलेली प्रतच ग्राह्य धरली गेली. २०२३ मध्ये महारेराने बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून थेट ई-मेलने मागविण्याची पद्धत सुरू केली. तिने याच दोषावर उपाय केला, आणि त्यासाठी ब्लॉकचेनची गरज भासली नाही. हा मुद्दा ब्लॉकचेनच्या अभ्यासकांनी टाळू नये. नोंदवहीचा अधिकचा लाभ कोठे आहे, तर नागरिकाला स्वतः पडताळणी करता येणे आणि जुनी नोंद मागाहून गुपचूप बदलता न येणे, या दोन गोष्टींत. त्या लाभासाठी न पुसणाऱ्या नोंदीची जबाबदारी पत्करावी काय, हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे ठरवावे लागेल. वैयक्तिक माहितीबाबत तर उत्तर स्पष्ट आहे : अर्जदाराचे नाव, पत्ता अथवा ओळख-क्रमांक साखळीवर जाता कामा नये. प्रसिद्ध होणाऱ्या घटनांत अशी माहिती नाही, हेही एका चाचणीने पाहावे.

तथापि चाचणी लिहिण्याचा एक लाभ तांत्रिक निकालापलीकडचा आहे. ‘ठाण्याच्या अधिकाऱ्याने डोंबिवलीची नोंद केल्यास ती नाकारली जावी’, ‘बदलीनंतर जुन्या अधिकाऱ्याचा अधिकार त्याच क्षणी संपावा’, ‘रद्द झालेली परवानगी कोणत्याही वाटेने पुन्हा वैध होऊ नये’, अशी वाक्ये चाचणीत उतरविण्यासाठी आधी ती कोणीतरी स्पष्ट शब्दांत मांडावी लागतात. मोका व चाय यांच्या मांडणीत चाचणीचे शीर्षक साध्या वाक्यात, मराठीतही, लिहिता येते. ती यादी नगररचना विभागातील अनुभवी कर्मचाऱ्यापुढे ठेवली, तर संगणकाचा गंध नसलेला तो मनुष्य राहून गेलेला प्रसंग चटकन सांगू शकेल. कारण कागद कोठे फसतो हे त्याला ठाऊक असते.

म्हणून या विषयाच्या विद्यार्थ्याने करार लिहावयास बसण्यापूर्वी नकारांची यादी करावी, ती अनुभवी माणसाकडून तपासून घ्यावी, प्रत्येक नकाराची चाचणी लिहून ती आधी नापास होताना पाहावी, आणि मगच करारात ती अट घालावी. शेवटी एकेक अट काढून चाचणी पुन्हा नापास होते की नाही याची खात्री करून घ्यावी. हा क्रम संथ आहे. परंतु ज्या नोंदीच्या भरवशावर एखादे कुटुंब आयुष्याची कमाई घरात घालते, त्या नोंदीच्या बाबतीत हा विलंब क्षम्य मानला पाहिजे.